कूलर माळ्यावरनं उतरवताय? आधी प्लग बघा, मग पाणी भरा

होळी झाली की बेळगावात दोन गोष्टी दिसायला लागतात. रस्त्याच्या कडेला माठांचे ढीग, आणि माळ्यावरनं, जिन्याखालनं बाहेर निघणारे धुळीनं माखलेले कूलर. जुनी माणसं सांगतात, पूर्वी इथं पंखासुद्धा लागत नव्हता. असेल खरं. पण आता कौलं जाऊन स्लॅब आले, अंगणातली झाडं गेली, आणि एप्रिलच्या दुपारी माडीवरच्या खोलीत बसवत नाही. अथणी, रायबाग, गोकाककडच्या मंडळींना तर हे सांगायलाच नको.

तर कूलर उतरवायचा, फडक्यानं पुसायचा, पाणी ओतायचं आणि बटन दाबायचं. बहुतेक घरांत तयारी म्हणतात ती एवढीच. आमच्या घरीही तेच चालायचं. दोन उन्हाळ्यांपूर्वी आई चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. एकदम हात झटकून मागं सरली. "हाताला मुंग्या आल्या रे," एवढंच म्हणाली आणि परत ओतायला निघाली. मी बटन बंद केलं, वायरमनला बोलावलं. त्यानं कूलर उघडायच्या आधी प्लग हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं. थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन नव्हती. एक्स्टेन्शन बोर्डात बसत नाही म्हणून ती मीच काढून टाकली होती.

म्हणून या लेखात गारव्याच्या आधी विजेचं बोलू.

ती जाड पिन कशाला असते

कूलरमध्ये पाणी, पत्रा आणि वीज एकाच पेटीत कोंबलेले असतात. मिक्सर किंवा इस्त्रीपेक्षा धोका जास्त आहे तो त्यामुळं. आठ-नऊ महिने पडून राहिलेल्या मोटरच्या वाइंडिंगला ओल लागलेली असते, पंपाच्या वायरचं आवरण तडकलेलं असतं, उंदरानं कुठं तरी कुरतडलेलं असतं. अशा जागी वीज पत्र्यावर उतरते. वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंग, शाबूत असेल तर ती वीज जमिनीत जाते. पिन नसेल तर वीज पत्र्यावरच वाट बघत बसते. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी हात लावला की त्याच्या अंगातनं वाट काढते.

"आमच्याकडं एमसीबी आहे की," असं बरेच जण म्हणतात. हा मोठा गैरसमज आहे. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. घरातली एमसीबी 6, 10 किंवा 16 ॲम्पियरची असते, त्याहून जास्त वीज ओढली गेली तरच ती पडते. माणसाच्या छातीतनं एक दशांश ॲम्पियर गेला तरी हृदय बंद पडू शकतं. तेवढ्यानं एमसीबीला काही समजतसुद्धा नाही. माणूस वाचवायला बसवतात ते आरसीसीबी, आपल्याकडं वायरमन लोक त्याला ईएलसीबीही म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिॲम्पियरचा फरक पडला की ते क्षणात सप्लाय तोडतं. त्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटन असतं. महिन्यातनं एकदा दाबून बघा. दाबल्यावर सप्लाय गेला नाही तर ते नुसतं शोभेचं आहे असं समजा. जुन्या घरात आरसीसीबी नसेल तर यंदा नवा कूलर घेण्याआधी त्याचा खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याआधी वायरमनकडनं तीन गोष्टी तपासून घ्या: प्लगची पिन, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर पोचलंय का, आणि कूलर चालू असताना पत्र्यावर वीज उतरते का. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे आत अर्थिंगची वायर आहेच, असं नसतं. कितीतरी घरांत त्या भोकाच्या मागं काहीच जोडलेलं नसतं. भाड्याच्या खोल्यांत तर हमखास. घरमालकाला सांगायला संकोच नको.

आणि एक नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेतल्या पोरांना, पाठ करायला लावा: पाणी ओतायचं असेल तर आधी प्लग उपसायचा. नुसतं बटन बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटन बंद असतानाही आतमध्ये वीज असू शकते. कुणी चिकटलंच तर त्याला धरून ओढायला जाऊ नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं त्याला बाजूला ढकला.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ

आता गारव्याकडं वळू. माठातलं पाणी गार का होतं, हे शाळेत शिकलोय. छिद्रांतनं थोडं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता नेतं. विजेच्या हिशेबात ते युनिटचा दोन-तृतीयांश भाग होतं. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर हवेतनं तीन किलोवॉटच्या वर उष्णता काढतो आणि स्वतः खातो जेमतेम दीडशे-दोनशे वॉट. स्वस्त गारवा तो यासाठी. अर्थात हा सगळा गारवा आपल्या वाट्याला येत नाही. कूलरची हवा खोलीतनं पुढं बाहेर जावीच लागते, आणि तिच्याबरोबर काही गारवाही जातो.

माठाची गोष्ट लक्षात ठेवली की कूलरचं बाकी सगळं आपोआप समजतं. दरवर्षी नवा माठ का आणतो? जुन्याची छिद्रं क्षारानं बुजतात, तो झिरपत नाही, पाणी गार होत नाही. कूलरच्या जाळीचंही तेच होतं. कोंदट न्हाणीघरात माठ ठेवला तर पाणी गार होत नाही, वाऱ्यावर ठेवला तर होतं. कूलरही वाऱ्यावरच हवा. आणि पावसाळ्यात माठ जसा निकामी, तसाच दमट हवेत कूलर.

हा शेवटचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. घाट उतरला की हवाच बदलते. म्हापशाच्या आमच्या पाहुण्यांनी एकदा आमचा कूलर बघून, इथं किती छान लागतो म्हणून, तसाच एक बेळगावातनं नेला. आठवड्यानं फोन आला, "अरे, हा तर घाम आणतो!" बिघाड कूलरमध्ये नव्हता. 40 अंश तापमान आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या जोरावर हवा 23 अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर त्यातला तीन-चतुर्थांश पल्ला गाठतो, म्हणजे 27 पर्यंत येतो. किनारपट्टीवर मेमध्ये 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असते तेव्हा मुळात खाली यायला जागा पाच-साडेपाच अंशांचीच. वर ओलसर हवेनं घाम वाळायचा थांबतो तो वेगळाच. त्यामुळं गोवा, सिंधुदुर्ग, कारवारकडं राहणाऱ्यांनी कूलरच्या जाहिरातीला भुलू नये. तिकडं चांगला पंखा नाहीतर एसी. उलट अथणी-रायबाग पट्ट्यात, किंवा पुढं सोलापूर, विजापूरकडं, कूलरसारखी दुसरी सोय नाही. बेळगाव आणि खानापूर याच्या मधोमध. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी कूलर मस्त चालतो, पण संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं किंवा वळवाचा पाऊस पडून गेला की त्याचा जोर उतरतो. त्या वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

तुमच्या घरात कूलर चालेल का, हे विकत घ्यायच्या आधीच बघता येतं. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर घ्या. तापाचा नको, तो 35 च्या खाली काही दाखवत नाही. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीशी पंख्याच्या वाऱ्यात धरून आकडा बघा. मग त्याच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून पाचेक मिनिटं त्याच वाऱ्यात धरा. दोन आकड्यांत दहा अंशांच्या वर फरक आला तर बेलाशक कूलर घ्या. पाचच्या आत आला तर पैसे वाचवा.

धुणं, घासणं आणि गवत

हे काम रविवारी सकाळी गच्चीवर करायचं. प्लग उपसलेला असला पाहिजे, हे आता परत सांगत नाही.

आधी मागची जाळी काढून आत टॉर्चनं बघा. हात घालू नका. पंख्याच्या पात्याला गांधीलमाशीचं पोळं असतं, मोटरच्या मागं पालीचं घर. मग पातं हातानं फिरवा. अडखळत, कुरकुरत फिरत असेल तर बुशला दोन थेंब मशीनचं तेल द्या. गोडं तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं आणि महिन्याभरात मोटर जाम होते. चालू केल्यावर मोटर नुसती गुणगुणते आणि काडीनं ढकललं की फिरते, असं होत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. ती थोडक्या पैशांची वस्तू आहे. त्यासाठी मोटर बदलायला सांगणारा मेकॅनिक भेटला तर दुसरीकडं विचारा.

पंप वेगळा काढून पाण्याच्या बादलीत बुडवून चालवून बघा. बादलीत हात न घालता. पाणी जोरानं येत नसेल तर खालची जाळी उघडून आतलं छोटं चाक स्वच्छ करा, केस आणि शेवाळ अडकलेलं असतं. वर पाणी वाटणारी नळी किंवा पन्हळ असते, तिची भोकं काडीनं मोकळी करा. सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. एका बाजूची भोकं बुजली की त्या बाजूची जाळी कोरडी राहते आणि तिथनं सरळ गरम हवा आत येते. मग लोक म्हणतात, कूलर जुना झाला.

गवताची जाळी दरवर्षी बदलायची. त्यात काटकसर नको. कुबट वास येतो तो जुन्या गवताचाच. हनीकोंब म्हणतात ती पुठ्ठ्यासारखी जाळी दोन-तीन हंगाम टिकते, पण तिच्यावर पांढरा थर चढतो. लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग हलक्या धारेनं धुवा. ब्रशनं घासलीत तर पापुद्रे सुटतात. थर दगडासारखा झाला असेल तर मात्र तिच्यावर वेळ घालवू नका.

हा पांढरा थर येतो कुठनं? बोअरच्या पाण्यातनं. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. चाळीस लिटरच्या टाकीत तासाला पाच लिटर उडत असेल तर आठ तासांत एक टाकी संपते. तुम्ही रोज नुसतं वरनं पाणी घालत राहिलात तर आठवड्याच्या शेवटी टाकीत सात-आठ टाक्यांचे क्षार साठलेले असतात. म्हणून आठवड्यातनं एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत हे जिवावर येतं, कबूल. ते पाणी अंगणात शिंपडा, संडासात वापरा. कुंड्यांना घालू नका, क्षारानं झाडं जळतात.

टाकी रिकामी करायचं दुसरं कारण डेंग्यूचा डास. तो गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आठवड्याला एकदा टाकी सुकवली की साखळी तुटते. पण नुसतं पाणी ओतून दिलं तर पुरत नाही. याची अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढच्या पाण्याबरोबर ती परत फुटतात. म्हणून आतनं ब्रशनं खसाखसा घासायचं. गेल्या वर्षीचा कूलर माळ्यावरनं उतरवतानाही ही अंडी त्यात असू शकतात, हे लक्षात घ्या.

पत्र्याच्या टाकीला गंज चढला असेल तर खरवडून रेडऑक्साइड लावा, आतनं काळा डांबरी रंग द्या आणि दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवा. घाई केली तर वास उन्हाळाभर घरात फिरतो.

बसवताना पाठ बाहेरच्या हवेकडं, तोंड खोलीकडं. आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. दारं-खिडक्या लावून मधोमध कूलर ठेवला तर अर्ध्या तासात खोली धोब्याच्या भट्टीसारखी होते. "गारवा बाहेर जातोय" म्हणून खिडकी लावणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. त्यांना माठाची गोष्ट सांगा.

एसी असेल तर

एसीबद्दल थोडक्यात, कारण त्यातलं बरंचसं काम आपल्या हातात नाही. हातात आहे ते फिल्टर. पुढचं झाकण उघडून जाळ्या काढा, साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. हंगामात दर पंधरा दिवसांनी. फिल्टर तुंबलेला असला की आत बर्फ धरतो, पाणी भिंतीवरनं गळतं आणि आपण मेकॅनिकला फोन करतो. बाहेरच्या युनिटवर कबुतरांचं घरटं, वाळत घातलेली चादर, अडगळ काही नको. खोलीतली उष्णता तिथनंच बाहेर टाकायची असते, त्याचं तोंड दाबलं की बिल वाढतं. पाण्याची नळी फुंकून मोकळी करा. एसीचा प्लग 16 ॲम्पियरच्या स्वतंत्र सॉकेटातच हवा, एक्स्टेन्शन बोर्डात कधीच नाही.

सर्व्हिसिंगला आलेला माणूस "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणाला तर एक प्रश्न विचारा: गळती कुठं आहे? एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतनं तो गोल फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या वर्षीपर्यंत परत गेलेला असेल. दरवर्षी नेमानं गॅस भरणारी घरं मला माहीत आहेत. नव्या एसीत बहुधा आर-32 नावाचा गॅस असतो. तो थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा स्वतः नळ्या उघडायच्या भानगडीत पडू नका.

किती अंशांवर लावायचा? 2020 पासून स्टारचं लेबल लावलेले नवे एसी चालू केल्यावर आपोआप 24 वर येतात, तसा नियमच आहे. एक अंश वर नेला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. 26 वर ठेवून पंखा मंद लावला तर 24 इतकंच बरं वाटतं, हा माझा अनुभव.

बिलाचा हिशेब

कर्नाटकातल्या आपल्या वाचकांसाठी इथं एक खोच आहे. 2023 पासूनच्या गृहज्योती योजनेत घरगुती वीज मोफत मिळते ती 200 युनिटच्या आत, आणि त्यातही आधीच्या वापराच्या सरासरीवर थोडी वाढ धरून प्रत्येक घराची मर्यादा ठरलेली असते. आपली मर्यादा ओलांडली तर वरच्या युनिटचे पैसे. 200 ओलांडले तर पूर्ण बिल आपलं.

दीडशे वॉटचा कूलर रोज दहा तास चालवला तर महिन्याला 45 युनिट होतात. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट धरला तरी रोज आठ तासांचे 240 होतात. म्हणजे घरातला बाकी सगळा वापर शून्य धरला तरी एकट्या एसीनं 200 ची रेषा गेली. रोज रात्री तीन-चार तासच लावणाऱ्यांनी महिन्याच्या मध्यात मीटर बघायची सवय ठेवावी. मागच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग, एवढी वजाबाकी पुरते. विसाव्या तारखेला 150 वर असाल तर उरलेले दिवस कसे काढायचे ते घरातच ठरवता येतं.

माडीवर राहणाऱ्यांनी याआधी एक स्वस्त उपाय करून बघावा. गच्चीच्या स्लॅबवर पांढरा चुना थोडा फेविकॉल घालून दोन हात मारायचा. ऊन परत फिरतं, स्लॅब कमी तापतो, आणि कूलर असो वा एसी, त्याचं काम हलकं होतं. पहिल्या पावसात थोडा धुपतो, पण तोवर उन्हाळा निघालेला असतो. पागोळीचं पाणी साठवत असाल तर मात्र पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

मृगाचा पाऊस लागला की कूलर परत वर जातो. ठेवण्याआधी टाकी घासून पूर्ण वाळवा, गवत काढून टाका, पंप वेगळा पिशवीत बांधा, वायर गुंडाळून आत ठेवा म्हणजे उंदीर कुरतडत नाहीत. आमच्या कूलरच्या पाठीवर आता मी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर गवत कधी बदललं, अर्थिंग कधी तपासलं ते लिहून ठेवतो. आणि एक्स्टेन्शन बोर्ड फेकून दिलाय. कूलरसाठी खिडकीशेजारी भिंतीत नवा सॉकेट काढून घेतला, थ्री-पिनचा.